अनुसयाकाकूंचं वाण

बालाघाटच्या त्या गल्लीत कुणाचं झाड सुकलं की अनुसयाकाकूंना बोलावणं यायचं. काकूही अशा ठसक्यात जायच्या, की बघणाऱ्याला वाटावं मोठा डॉक्टरच निघालाय! पान उलटून बघायचं, मातीत बोट खुपसायचं आणि म्हणायचं, "पाणी जास्त झालं व माय." साठी उलटली तरी तोरा कायम.

चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी प्लास्टिकच्या वाट्यांऐवजी एका पिवळ्या फुलांच्या वेलाची रोपं वाण म्हणून दिली. लांजीच्या भाचीकडून आणलेला वेल. बायका खूश झाल्या, म्हणून पुढच्या वर्षीही तेच वाण. आणि त्यानंतरच्या दोन्ही संक्रांतींना त्यांची जिवाभावाची मैत्रीण आनंदी आलीच नाही. रस्त्यात भेटली तर "गुडघे दुखून राह्यले व" म्हणून सटकायची. तेच गुडघे दर आठवडी बाजाराला मात्र बरोबर पोचायचे! काकूंच्या मनाला हे फार लागलं.

"एकदा विचारून घे ना," नवरा दुलीचंद म्हणायचा.

"मी काहून विचारू? तिनं सांगावं!"

यंदा दिवाळीनंतर काकूंच्या स्वतःच्या परसात तो वेल मेथीच्या वाफ्यात शिरला. कोथिंबीर गेली, वांग्यांचाही जीव गुदमरला. शेतकी खात्यातून रिटायर झालेले शेजारचे चैतराम बघायला आले.

"काकू, हे फूल नाही, तण आहे. बाहेरदेशातून आलेलं. पेरापेराले मूळ धरते. एक तुकडा राह्यला तरी पुन्हा चालू."

"अगं माय! अन मी हे चाळीस घरी वाटलं!"

दुसरी कुणी असती तर मूग गिळून बसली असती. काकू मात्र दुसऱ्याच दिवशी खुरपं आणि रिकामं पोतं घेऊन निघाल्या. "बाई, मी देल्लं वाण तण निघालं. उपटाले आली," असं दारोदार सांगत फिरल्या. आधी पाणी मारून माती मऊ करायची, मग मुळासकट पेर न् पेर काढायचं. उपटलेलं नाल्यात टाकायचं नाही, उकिरड्यावरही नाही. गच्चीवर उन्हात पापडासारखं कडक वाळवायचं. दर पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी, नवे कोंब टिपायला. घरोघरी हशा झाला आणि चहाही झाला.

शेवटी एकच घर उरलं. आनंदीचं. काकू तीनदा कोपऱ्यावरून परत फिरल्या. चौथ्यांदा मनाचा हिय्या करून त्यांनी फाटक उघडलं.

अख्खं अंगण पिवळंधमक! शेवंती नाही, पालक नाही, तुळशीच्या ओट्यापर्यंत वेलच वेल. आणि मधे उभी राहून आनंदी त्यालाच पाणी घालत होती.

"अवं, याले पाणी काहून देऊन राह्यली?"

"तुझं वाण आहे न. सवाशिणीनं देल्लं वाण उपटून फेकतेत का? पाप लागन."

"मंग हळदीकुंकवाले काहून नाही आली? दोन वर्षं जीव जळला माझा!"

आनंदीनं मान खाली घातली. "दोन वाणांनी आंगण खाल्लं व. तिसरं कुठं ठेवू? तुले नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून येतच नव्हती."

काकू मटकन खालीच बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं.

"तोंडावर सांगायचं ना, बयताडे!"

"तुले कोण सांगन? तू तर झाडाची डॉक्टर!"

मग आठवडाभर त्या अंगणात दोन खुरपी चालली. गुडघ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

संक्रांतीला काकूंच्या दारात सगळ्यांत आधी आनंदी हजर. पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आधी वाण दाखव. मंगच आत येईन."

काकूंनी तिच्या पदरात नवं कोरं खुरपं घातलं. आनंदीनं अंगठ्यानं त्याची धार बघितली.

"हौ, हे ठेवाले जागा आहे," ती म्हणाली आणि आत आली.