नुकसानीचा फोटो

दसरा होऊन गेला तरी पाऊस हटत नव्हता. त्या आठवड्यात मी आईला मोटारसायकलवर मावशीकडे नेलं. आम्ही दारव्ह्याला राहतो आणि मावशीचं गाव घाटंजीच्या पुढे आहे. दिवाळीच्या आधी आई दरवर्षी या मोठ्या बहिणीला भेटून येते. एरवी एसटीने जाते. या वेळी मीच म्हटलं, गाडीवर चल, मला वाटेत फोटो काढायचे आहेत.

हे अर्धंच खरं होतं. कॉलेजातल्या एका मित्राचा जुना कॅमेरा मी घेतला होता आणि सुट्टीच्या दिवशी ओल्या रस्त्यांवर हिंडायचा मला नादच लागला होता. पण खरं म्हणजे मला आईचा फोटो हवा होता. तिचा एकटीचा असा फक्त आधार कार्डावर आहे, आणि त्यात ती घाबरलेली दिसते.

वडील गेले तेव्हा आमची हीच अडचण झाली. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांचं डोकं कापून घेतलं, मोठं केलं आणि खाली निळा कोट व टाय जोडला. जन्मभर सदरा-पायजम्यात वखर हाकलेला माणूस भिंतीवर अधिकाऱ्यासारखा दिसतो. दिवा लावताना आई म्हणते, "कोणाचा साहेब आणून टांगला बाप्पा, मी तं वळखत नाही." आम्ही हसतो. मला मात्र ते लागतं. आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पण ती कॅमेऱ्यासमोर येईल तर ना. मी घराण्यातला पहिला पदवीधर. लोकांच्या वावरात कापूस वेचून तिने मला शिकवलं. तरी पदवी मिळाली त्या दिवशीही फोटोच्या वेळी ती 'पिशव्या सांभाळतो मी' म्हणत बाजूला झाली. आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो तो गेल्यावरच लागतो, हे तिच्या डोक्यात पक्कं आहे.

यवतमाळ सोडलं आणि सागवान सुरू झालं. या दिवसांत कीड सागाच्या पानाचा गर खाऊन टाकते आणि नुसती जाळी उरते. पाऊस थांबला की त्या जाळ्यांतून उजेड गाळल्यासारखा रस्त्यावर पडतो. मी थांबायचो, फोटो काढायचो, परत गाडी सुरू करायचो. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, कॅमेऱ्याची पिशवी पदराखाली धरलेली. स्वतः भिजत होती, पिशवीला थेंब लागू देत नव्हती.

"काहून थांबला आता? याच्यापेक्षा बैलबंडी बरी."

"आई, उजेड पाह्य ना कसा पडला."

"काहून, घरी पडत नाही का उजेड?"

एका पुलावर मी धीर करून म्हटलं, "तू उभी राह्य ना तिथं कठड्यापाशी. एकच काढतो."

"एकटीचा कायले काढतं रे? हार आणून ठेवला काय?" असं म्हणून तिने पाठ फिरवली आणि नाल्याचं पाणी पाहत राहिली. तिची पाठ मी काढली नाही. जबरदस्ती केल्यासारखं वाटलं असतं.

मावशीकडे पोचलो तर ती वावरात होती. कापलेल्या सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली होता, तरी खालून पाणी शिरून शेंगांना कोंब फुटले होते. मावशीने आईचं स्वागत असं केलंच नाही. मला पाहून म्हणाली, "बरं झालं बाबू आला. पंचनाम्यासाठी फोटू काढून ठेवा म्हणून गावात निरोप आहे. फोटूत शेतकरी उभा पाह्यजे म्हणते. मी एकटी नाही बाप्पा उभी राहत. तू ये वो, पकड हे ताडपत्री."

आणि आई गेली. चप्पल बांधावर काढून, लुगडं खोचून चिखलात उतरली, ताडपत्रीचं एक टोक धरून बहिणीला लागून उभी राहिली. हा फोटो नव्हताच तिच्या लेखी. हे काम होतं.

आधी मी मावशीच्या मोबाइलवर पंचनाम्यासाठी काढला. दोघी ताठ उभ्या. मग कॅमेरा डोळ्याला लावला.

"तोंड पाडून राह्य," आई मावशीला म्हणाली. "नुकसानीचा फोटू आहे. दात काढशील तं साहेब म्हणन, हिचं तं चांगलं पिकलं."

"तुह्यं तोंड पाह्य आधी. सासरी धाडतानी अशी दिसत होती तू."

आईला हसू आवरेना. ती पडू नये म्हणून मावशीने तिच्या खांद्याला धरलं, तर मावशीही हसायला लागली. ताडपत्री सुटली, तिच्यात साचलेलं पाणी दोघींच्या पायांवर पडलं. मी बटण दाबत राहिलो. डोळे भरून आल्यामुळे चौकटीत काय येतं आहे ते मला नीट दिसत नव्हतं.

त्यातला एक चांगला आला. दारव्ह्याला छापून आणला आणि आईच्या हातात दिला. तिने आधी सोयाबीन पाहिलं. "कोंब दिसून राह्यले," म्हणाली. मग मावशीच्या तोंडावरून बोट फिरवलं. फोटो परत देताना म्हणाली, "पुढं कधी मोठा करायचा झाला, तं दोघींचाच कर. हिले कापू नको."

मी हो म्हटलं. मावशीचा हात फोटोत आईच्या खांद्यावर घट्ट आहे, बोटं लुगड्यात रुतलेली. तो कुणाला कापता येणार नाही.