फुगूनही न निवणारा वायू

मी शिकलो ते गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. फुगणारा वायू थंड होतो, हे त्यांनी सायकलची हवा सोडून आमच्या बोटांना दाखवलं होतं.

सुरतेला एम.एस्सी.च्या प्रकल्पात सूर्यावरून उसळलेल्या वायूचं अवकाशातलं तापमान काढायचं होतं. सरांच्या नियमाने माझं उत्तर दरवेळी अवकाशयानांनी मोजलेल्यापेक्षा फार थंड यायचं. मार्गदर्शक ओरडले, "एम नहीं चाले, भाई! असं नाही चालायचं. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर सचिन गावच्या कापडमिलमध्ये कामाला असलेल्या तुझ्या बापाशेजारी उभा राहा."

मला रडू यायचं. सरांच्या नियमापुढे जायचा धीर होईना. शेवटी त्यांनाच लिहिलं:

"सर, तुमचा नियम खरा आहे. पण हा वायू फुगता फुगताच वाटेत तापतही असावा, बहुधा त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे. कसा, ते मला सापडलं नाही. प्रकल्पात तेवढंच लिहून देतोय. नापास झालो तर रागावू नका."