भोंग्यावर बाबांचं नाव

बाबा गेले तेव्हा धानाची रोवणी सुरू होती. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मायनं टीव्हीवर बाबांचा दुपट्टा टाकून दिला. वर्षभर घरात गाणं नाही, गोडधोड नाही. आमच्याकडे सगळेच असं पाळतात, त्यात नवल नाही. नवल माझं. मी तिची एकुलती एक लेक, चंद्रपूरला नोकरी करणारी, दर शनिवारी गावाला येणारी. आणि चंद्रपुरात मी काय करत होते? गाण्याचे कार्यक्रम ऐकत फिरत होते.

तेरवीला महिनाही झाला नव्हता, तेव्हाच मी चित्रांचं प्रदर्शन बघायला गेले. एका चित्रात पळसाखाली बसलेली म्हैस होती. तिचा तोरा थेट आमच्या गावच्या पोलीस पाटलासारखा, मला हसू आवरेना. त्याच संध्याकाळी तिथंच गाण्याची बैठक होती. गाणाऱ्या बाईंनी अशी काही तान घेतली की माझ्या तोंडून मोठ्यानं "क्या बात है!" निघून गेलं. पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप जाऊन दिवस किती झाले, आणि ही बया इथं दाद देऊन राह्यली! पण उठले का मी? छे. शेवटपर्यंत बसले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

मायचा फोन आला की सांगायचं, ऑफिसात काम होतं. खोलीवर एकटी असताना मला रडू येत नसे. गाणं ऐकताना मात्र जीव हलका व्हायचा, आणि हलका झाला याचीच लाज वाटायची. मायला कळलं तर ती म्हणेल, पोरीला बापाचं काहीच नाही. मला भेव होतं ते एवढंच.

बाबांना नाद खंजेरी भजनाचा. मंडळात गात नसत, ऐकायचे. धान घरी आलं की नाल्यापलीकडच्या गावात भजनाची स्पर्धा असते. बाबा अगदी पुढं बसायचे. शेवटचं मंडळ उठायला आलं की एक नोट काढून माझ्या हातात द्यायचे. मी तेव्हा लहान. स्टेजपाशी गेले की माइकवरचा माणूस विचारायचा, "कोणाकडून?" मी बाबांचं नाव सांगायचे. मग भोंग्यावर बाबांचं नाव, आमचं गाव, आणि "मंडळ आभारी आहे." तो आवाज नाल्याच्या अलीकडे आमच्या अंगणात पोचायचा. मायसाठी तोच निरोप होता, की आता हे निघाले. ती चुलीवर भात टाकायची आणि टॉर्च घेऊन नाल्यापर्यंत यायची, कारण तिन्हीसांजेला बाबांना नीट दिसत नसे. मी गाव सोडलं तरी त्यांचं हे असंच चालू होतं.

यंदाही स्पर्धा झाली. शनिवारी दुपारी भोंगा सुरू झाला तशी मायनं उठून खिडकी लावून घेतली. मी म्हटलं, "माय, तुझ्या गोळ्या संपत आल्या. पोंभुर्ण्याहून घेऊन येते." पोंभुर्ण्याची बस नाल्यापलीकडूनच मिळते, म्हणून तिला काही वाटलं नाही. गोळ्या माझ्या पर्समध्येच होत्या, चंद्रपूरहून आणलेल्या.

"लवकर ये, बाई," ती म्हणाली. "मले एकटीले करमत नाई."

आणि तिला एकटी टाकून मी भजनाला जाऊन बसले. आधी बायकांच्या मागं, तोंडावर ओढणी घेऊन. पण शेवटचं मंडळ असं काही रंगलं, खंजेरी अशी कडकडत होती, की ओढणी कुठं, मी कुठं! टाळ्या वाजवत, मागं म्हणत कधी पुढं सरकले ते कळलंच नाही. मंडळ उठायला आलं तशी पर्समधून नोट काढली आणि स्टेजपाशी गेले. माइकवरचा माणूस बाहेरगावचा होता. "कोणाकडून, ताई?" त्यानं विचारलं.

या प्रश्नाला मी जन्मभर एकच उत्तर दिलं होतं. तेच दिलं.

बाबांचं नाव भोंग्यावर गेलं. वर त्या माणसानं आपल्या पदरचं जोडलं, "आपल्यामध्ये स्वतः उपस्थित आहेत, मंडळ आभारी आहे." मला काही वाईट वाटायला पाहिजे होतं की नाही? मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. घराकडे निघाले ती तेच भजन गुणगुणत. अंधारून आलं होतं. बांधावरून चालताना माझा आवाज चांगलाच चढला होता.

नाल्याच्या अलीकडे टॉर्च दिसली.

माय उभी होती. पायात चप्पल नाही, पदर चुलीच्या राखेनं भरलेला. तिनं उजेड माझ्या तोंडावर धरला आणि धरूनच राहिली.

"तू होय?" ती म्हणाली.

तेवढ्यात सगळं उमगलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. मी म्हटलं, "माय, ते नाव मीच... चुकून गेलं गं."

"असंन," ती म्हणाली. "खिडकी लावली होती मी. तरी आयकू आलं. भातई टाकला. चुलीपासून उठली, अन् चालत सुटली. इथी आल्यावर गानं आयकू आलं. तेई असेच म्हनत येत." टॉर्च खाली करत म्हणाली, "मंग आवाज बाईचा निंघाला."

मी तिच्या पायाशीच बसले. चंद्रपूरच्या बैठका, प्रदर्शन, खोटी कामं, पर्समधल्या गोळ्या, सगळं एका दमात ओकले. ती शिव्या देईल म्हणून वाट पाहिली. दिल्या असत्या तर सुटले असते.

"काऊन थांबली?" ती म्हणाली. "म्हन नं. घरापोत म्हन."

ती टॉर्च घेऊन पुढं चालू लागली. मी मागून निघाले, तोंड उघडलं, आणि मघापासून घोळत असलेल्या भजनातला एकही शब्द मला आठवेना. माय मात्र दर चार पावलांवर थांबत होती आणि मागं, वाटेवर, माझ्या पायांपुढं उजेड धरत होती.