आदल्या दिवशीचा निरोप

होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सरकारी शाळेच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजणारे एक यंत्र उभे होते. दिसायला उतरत्या छपराची पत्र्याची पेटी. छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढरा कागद चढवायचा. यंत्र चोवीस तास हवा ओढत राहते, धूळ त्या कागदावर बसते, मग प्रयोगशाळेत कागदाचे वजन होते आणि धुळीत शिसे किती ते तपासले जाते. आठवड्यातून दोनदा तो कागद चढवण्या-उतरवण्याचे काम रघुपतीराव अकरा वर्षे करत आले होते.

त्यांचे घराणे रंगाऱ्यांचे, साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. आजोबांपर्यंत नगरथपेठेतल्या घरामागे हौद होते, त्यांत कापड बुडत होते. वडिलांनी हौद बुजवले आणि शिलाईचे दुकान काढले. रघुपतीरावांना ना रंग आला ना शिलाई, पण छटा ओळखणारी नजर मात्र आली. दोन राखाडी कागदांतला जो फरक तराजूवर चौथ्या दशांश स्थळी उमटे, तो त्यांना कागद चिमट्याने उचलतानाच कळे. या गुणाचा नोकरीत काही उपयोग नव्हता. तराजू असताना डोळ्यांना कोण विचारतो?

शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढणारा, तीन वर्षांपूर्वी सुरू झालेला कारखाना होता. वसाहतीत त्याला सगळे नुसते ‘कंपनी’ म्हणत, जणू बाकीचे कारखाने म्हणजे किरकोळ दुकानेच. दोन वर्षांपूर्वी काही डॉक्टरांनी आपल्या खर्चाने शाळेतल्या मुलांचे रक्त तपासले, तेव्हा बऱ्याच मुलांच्या रक्तात शिसे सापडले. कंपनीने वाद घातला नाही. मुले कुठे खेळतात, काय तोंडात घालतात, घराला कोणता रंग दिला आहे, हे आम्हांला कसे ठाऊक असणार, असे तिने अत्यंत नम्रपणे विचारले. आणि हवेचे आकडे सरकारकडे आहेत, ते पाहावेत, असे सुचवले. आकडे स्वच्छ होते. मुलांच्या रक्ताला उत्तर म्हणून रघुपतीरावांचे कागद पुढे करण्यात आले.

आता कंपनीला दुसरी भट्टी हवी होती. परवानगी या वर्षीच्या आकड्यांवर ठरणार होती, आणि आकड्यांच्या शेवटी एक पान जोडायचे होते: ‘सर्व नमुने कोणालाही पूर्वसूचना न देता घेतले.’ त्याखाली सही रघुपतीरावांची. मुदत मार्चअखेरची.

पूर्वसूचनेचा मुद्दा क्षुल्लक नव्हता. असली भट्टी गॅसच्या शेगडीसारखी वाटेल तेव्हा विझवता येत नाही. ती एखाद्या दिवशी पेटवायची नसेल, तर आदल्या संध्याकाळीच ठरवावे लागते. म्हणूनच नमुन्याचे दिवस गुप्त असत. सरकारच्या प्रदूषण मंडळाने हे काम व्हाइटफील्डमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेला दिले होते. प्रयोगशाळा दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे दोन दिवस बंद पाकिटात घालून रघुपतीरावांकडे देई आणि ते पाकीट त्यांच्या देव्हाऱ्यात राही.

“गुरुवारी भाच्याच्या साखरपुड्याला येणार की नाही, तेवढं तरी सांगा,” पत्नी सत्यवती म्हणत.

“बुधवारी सांगतो.”

“मी काय कंपनीची हेर आहे?”

“स्वल्प दम धर. बुधवारी.”

या गुप्ततेइतकाच त्यांना आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. यंत्र विजेवर चाले. वीज गेली आणि तास कमी भरले की नियमाने नमुना रद्द होई. पूर्वी वर्षाकाठी वीस-पंचवीस नमुने असे बाद होत आणि बोलणी रघुपतीरावांना बसत. मग शाळेला जनरेटर मिळाला. तेव्हापासून ते नमुन्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या आया रत्नाबाईंना फोन करत, “उद्या डिझेल असू दे.” सलग तीन वर्षे एकही नमुना वाया गेला नाही. त्याबद्दलचे प्रशस्तिपत्र सत्यवतींनी चौकटीत बसवून टीव्हीच्या वर लावले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलेच नाही. ते तयार करणारी उल्का, नागपूरहून आलेली तरुण रसायनतज्ज्ञ, तापाने पडून होती. मंगळवारी पहाटे तिचा फोन आला.

“काका, सॉरी हं. सॅम्पल आजच लावायचंय. निघता का लगेच?”

रघुपतीराव निघाले. फोन करायला वेळच नव्हता. दुपारी वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेलचा थेंब नव्हता, यंत्र पाच तास बंद राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा नमुना गेला म्हणून ते जिवाला लावून घेत गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छप्पर उचलले आणि चिमटा हातातच राहिला. आजोबांच्या हौदातून तिसऱ्यांदा काढलेल्या कापडावर जो करडा रंग चढे म्हणतात, तो कागदावर होता.

प्रयोगशाळेत, ताप उतरताच कामावर आलेल्या उल्काने वजन केले, पुन्हा केले.

“बाप्पा! काका, नेहमीच्या अडीचपट. तेही पाच तास कमी चालून.”

“मग?”

“मग काय? रद्द. तास भरले नाहीत ना. रूल आहे तो.” तिने लाल शाईने शेरा मारला, आणि अकरा वर्षांतला सर्वांत गडद कागद हिशेबातून बाहेर गेला.

संशय हा रघुपतीरावांचा स्वभाव नव्हता. पण आता तो आला, आणि आला तो त्यांच्या नोकरीसारखाच शिस्तीने आला. दिवस कोणाला माहीत असतात? उल्का ठरवते, व्यवस्थापक पद्मनाभ मंजुरी देतो. उल्काने कंपनीला कळवायचे असते तर मंगळवारही कळवला असता. राहिला पद्मनाभ. हा मूळचा पुण्याचा, बोलायला गोड, सगळ्यांना ‘जी’ लावणारा. त्याच्या केबिनबाहेरच्या फडताळात कंपनीच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या असत. कंपनीच्या सांडपाण्याची तपासणीही याच प्रयोगशाळेकडे होती. रघुपतीरावांनी त्या बाटल्या शंभरदा पाहिल्या होत्या. त्या दिवशी त्या त्यांना दिसल्या.

त्याच आठवड्याचा दुसरा नमुना शुक्रवारचा होता. गुरुवारी संध्याकाळी सवयीने त्यांनी रत्नाबाईंना फोन केला. शुक्रवारचा कागद नेहमीसारखा फिकट निघाला. दोन्ही दिवस पद्मनाभला ठाऊक होते. वारा तोच, रस्ता तोच, वाहने तीच. मग मंगळवारी असे काय नव्हते, जे शुक्रवारी होते? बसमध्ये खिडकीशी बसून ते एकेक गोष्ट वजा करत गेले. होसकोटे यायच्या आत एकच गोष्ट उरली, आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही.

रत्नाबाई व्हरांडा झाडत होत्या. त्याही बेंगळुरातल्याच मराठी घरातल्या. रघुपतीरावांना अण्णा म्हणत.

“रत्नाक्का, मी डिझेलचं सांगतो, तेव्हा तू कोणाला सांगतेस?”

“कोणाला म्हणजे? मंजुनाथला. तोच ओततो.”

“मंजुनाथ शाळेचा ना?”

रत्नाबाईंनी झाडू थांबवला. “शाळेला स्वतःची घंटा नाही अण्णा, डिझेलवाला कुठनं येणार? मंजुनाथ कंपनीचा. जनरेटर कंपनीचा. त्याच्यावर नाव आहे की, हे एवढ्या अक्षरांत. तीन वर्षं काय वाचत होता?”

नाव त्यांनी वाचले होते. जनरेटरच्या उद्घाटनाला ते हजर होते, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, म्हैसूरपाकही खाल्ला होता. दान देणाऱ्याचे नाव दानावर असते, इतकाच अर्थ त्यांनी त्यातून काढला होता. आता दुसरा अर्थ समोर उभा राहिला. ज्या यंत्राने कंपनीवर नजर ठेवायची, ते कंपनीच्याच मेहेरबानीवर चालत होते, आणि ही मेहेरबानी मिळवण्यासाठी आदल्या दिवशी निरोप पाठवावा लागत होता. त्यासाठी कोणाला लाच द्यावी लागली नाही की धमकी. एका माणसाला आपले काम चोख करायचे होते, तेवढे पुरले.

पण हा अजून तर्कच होता. भट्टी खरोखर त्यासाठी थांबत होती की योगायोगाने? आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट रघुपतीरावांनी पुढच्या आठवड्यात केली: ते खोटे बोलले. बुधवारी नमुना नव्हता. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी रत्नाबाईंना फोन केला, “उद्या डिझेल असू दे.” बुधवारी ते नुसतेच गच्चीवर जाऊन बसले. यंत्र बंद. समोर धुराड्यावर कावळा बसला होता. कंपनीच्या फाटकासमोरच्या चहावाल्याने सांगितले, आज मशीन दुरुस्ती आहे, गडी घरी गेले. रघुपतीराव दोन दिवसांनी, निरोप न देता, पुन्हा आले. धुराडे सकाळपासून धूर ओकत होते. खाली पटांगणावर मुले खो-खो खेळत होती आणि पडल्यावर हात चड्डीला पुसत होती.

त्या संध्याकाळी त्यांनी सत्यवतींना सारे सांगितले. पाकिटातले त्यांना सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

“म्हणजे तुमची चूक नाही,” सत्यवती म्हणाल्या.

“निरोप माझाच होता.”

“तुम्हांला कुठं माहीत होतं?”

“माहीत करून घेणं हेच तर माझं काम होतं.”

सोमवारी पद्मनाभने त्यांना बोलावले. टेबलावर ते पान तयार होते. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली.

रघुपतीरावांनी सारा प्रकार सांगितला. पद्मनाभला आश्चर्य वाटल्यासारखे दिसले नाही.

“रघुपतीजी, एक सांगा. भट्टी चालू असतानाच नमुना घ्या, असं नियमात कुठे लिहिलंय? आपण हवा मोजतो, भट्टी नाही. त्या दिवशी हवा जशी होती तशी आपण मोजली. खोटा आकडा एक तरी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“पूर्वसूचना न देता, असं लिहिलंय इथं.”

“प्रयोगशाळेने दिली का सूचना? नाही. तुम्ही दिलीत. आणि कंपनीला नाही, शाळेच्या आयाला. डिझेलसाठी.” तो हसला. “तुम्हांला आत्ताच इतकी शंका यायला काय झालं? तीन वर्षं तर प्रशस्तिपत्र घेतलंत.”

“घेतलं. ते परत करीन.”

“आणि मंगळवारच्या त्या कागदाचं म्हणाल, तर तो रद्द आहे. रद्द म्हणजे तो नाहीच. त्याच्या जोरावर कोणाला काही म्हणता येणार नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्या भल्यासाठी सांगतो. हे बाहेर गेलं, तर गळती कोणाकडून झाली हा पहिला प्रश्न येईल. कंपनी म्हणेल, आम्ही शाळेला वीज दिली. आम्ही म्हणू, आमच्या माणसाने नियम मोडला. मधे कोण उरतं, बघा.”

पद्मनाभला आधीपासून ठाऊक होते का, हे त्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळले नाही. रघुपतीरावांच्या ध्यानात एवढेच आले की अशा व्यवस्थेत ठाऊक असण्याची कोणाला गरजच पडत नाही. जो तो आपापल्या रकान्यापुरता निर्दोष असतो आणि सगळे रकाने बेरजेला चुकतात.

त्यांनी पान तसेच ठेवले. “सही नाही करत, सर.”

“मग सही दुसरा करील. तुमच्या जागी माणूस मिळायला एक आठवडा लागेल.”

“सरी, चालेल,” रघुपतीराव म्हणाले आणि उठले.

बाहेर उल्का उभी होती. तिने एक चिठ्ठी त्यांच्या हातात दिली: मंगळवारच्या कागदाचा क्रमांक, वजन, तारीख, आणि खाली तिची पूर्ण सही. “काका, रद्द कागदही वर्षभर कपाटात ठेवावा लागतो. तोही रूलच आहे. कोणी मागितला, तर नाही म्हणता येणार नाही.” ही मदत आहे की आणखी काही, असा प्रश्न त्यांच्या मनात येऊन गेला. तो आल्याची त्यांना लाज वाटली, तरी चिठ्ठीवरची तारीख त्यांनी दोनदा ताडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या कार्यालयात गेले. पत्र त्यांनी कन्नडमध्ये स्वतःच्या हाताने लिहिले होते, चार पाने: तीन वर्षांतल्या ज्या तारखा त्यांच्या रोजनिशीत होत्या त्या सर्व, प्रत्येकीसमोर ‘आदल्या दिवशी निरोप गेला’, शेवटी तो एकटा मंगळवार, ‘निरोप गेला नाही’. निरोप पोचवणाऱ्याचे नाव घातले नाही. तो माझ्या सांगण्यावरून गेला, एवढेच लिहिले.

आवक खिडकीवरच्या बाईंनी पत्र उलटून पाहिले आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला.

“तक्रार असेल तर हा भरावा लागतो. कोणाविरुद्ध, ते वर लिहा.”

रघुपतीरावांनी पेन उघडले. कंपनीचे नाव लिहावे, तर तिने शाळेला वीज दिली होती आणि एक दिवस मशीन दुरुस्त केले होते. पद्मनाभचे लिहावे, तर त्याच्याविरुद्ध त्यांच्याकडे फडताळातल्या बाटल्यांपलीकडे काही नव्हते. या दोघांपर्यंत कोणाला पोचायचे असेल, तर वाट ज्याच्यावरून जात होती, असे एकच नाव पुराव्यासह लिहिता येण्याजोगे होते. त्यांनी ते सुवाच्य अक्षरांत लिहिले.

बाईंनी वाचले, मग खालचे तक्रारदाराचे नाव वाचले.

“सर, तुम्ही दोन्हीकडे एकच नाव लिहिलंय.”

“हो.”

“तुमचीच तक्रार, तुमच्याच विरुद्ध?”

“चौकशी करावी लागेल ना?”

“करावी लागेल म्हणजे… अर्ज आला तर करावीच लागते.”

“शिक्का मारा तर,” रघुपतीराव म्हणाले. “आणि माझ्या प्रतीवरही. चारही पानांवर.”

त्यांनी पोच हातात घेतली, क्रमांक वाचला, तारीख वाचली, पाने मोजली. दुसऱ्या पानावर शिक्का पुसट उमटला होता. त्यांनी ते पान पुन्हा खिडकीतून आत सरकवले.