तोंड दिसता कामा नये

पडद्यावर मी पहिल्यांदा आले ती तोंडाशिवाय. नुसते दोन हात, आणि त्यांत मुंबईहून आलेल्या हिरोईनच्या बांगड्या.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचा दुधाचा धंदा होता. गावातल्या स्टुडिओत चहाला दूध आमच्याकडचंच जायचं. एका चित्रपटात हिरोईन म्हशीची धार काढते असा प्रसंग होता, म्हणून तिथल्या मॅनेजरनं माझ्या वडिलांकडून, आबांकडून, म्हैसही मागून नेली. आता म्हैस म्हणजे काही खुर्ची नव्हे, उचलली आणि मांडली. ते प्रखर दिवे, ती माणसं आणि आचळाला लागलेला परका हात. म्हशीनं पान्हा चोरला तो चोरलाच. हिरोईन बिचारी घामाघूम झाली. शेवटी आबांनी मला शाळेतून बोलावून घेतलं, कारण त्या म्हशीची धार रोज मीच काढत असे. मला हिरोईनचं लुगडं नेसवलं, बांगड्या चढवल्या आणि कॅमेरा माझ्या मनगटांपाशी आणून ठेवला. मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, नेहमीसारखी तिच्याशी बोलले आणि चरवीत धार वाजायला लागली. दिग्दर्शक खूश, आबा खूश. मी तर हवेतच होते.

आईनं घरी येताक्षणी मला खाली उतरवलं. "हात दिसलं तर दिसू देत," ती म्हणाली, "पर तोंड दिसता कामा न्हाय. आक्काचं लगीन व्हायचं हाय अजून."

सिनेमात काम करणाऱ्या मुलीच्या बहिणीला स्थळ कोण देणार, हा तिचा हिशेब. चूक होता असं म्हणवत नाही. त्या काळी आमच्या पेठेत सिनेमा बघायला सगळे धावायचे, पण सिनेमातली पोरगी शेजारी नको असायची.

तर मी अट पाळून कामं करू लागले. घुंगरू बांधलेले पाय माझे, पाणवठ्यावर घागर घेऊन निघालेली पाठ माझी, भाकरी थापणारे हात माझे. स्टुडिओत मला सगळे 'हातवाली' म्हणायचे. मेकअपवाले काका तर रोज छेडायचे, "तुझ्यावर पावडर कशाला वाया घालवू गं?" मी हसायचे. पण मनातून मला ते फार लागायचं. दिव्यांसमोर उभं राहून, मान वर करून एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी तळमळत होते.

अशात त्याच दिग्दर्शकानं मला विचारलं. नव्या चित्रपटात हिरोईनची धाकटी नणंद हवी होती. संवाद होते, आणि तोंडही होतं. "संक्रांतीपर्यंत सांग," तो म्हणाला, "न्हायतर दुसरी बघतो."

नेमकी तेव्हाच आक्काची सुपारी फुटली होती. पेठ वडगावचं स्थळ, घरचं किराणा दुकान, मुलगा निर्व्यसनी. धाकटी शाळेत जाते, एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. आईनं मला साफ नकार दिला. मी रडले, जेवायची नाही म्हणून बसले. आक्का मध्ये पडली नाही. तिला तो मुलगा आवडला होता, हे मला दिसत होतं.

संक्रांतीच्या आधी वडगावची मंडळी बस्ता बांधायला कोल्हापुरात आली. लग्नाची लुगडी-धोतरं घेऊन झाली आणि आक्काच्या होणाऱ्या सासूबाईंनी सिनेमाची टूम काढली. आमच्याकडे बस्त्यानंतर पाहुण्यांना सिनेमा दाखवायचा म्हणजे मानपानच. त्यांनी हौसेनं निवडला तो नेमका म्हशीचा चित्रपट. इतके दिवस रखडून तो नुकताच लागला होता. मी आईच्या कानाशी लागले. ती म्हणाली, "हातावरनं कोण वळखतंय? गप चल."

बायकांच्या बाजूला आम्ही ओळीनं बसलो. मी, आक्का, आई आणि आईच्या पलीकडं विहीणबाई. माझे हात पडद्यावर आले तेव्हा मी खरे हात मांडीखाली दडवले. चार बायकांच्या तोंडून 'अगं बया' निघालं. विहीणबाई मात्र मुरलेल्या. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात जनावरं होती.

"ही हिरोईन न्हवं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हिला कुठली धार काढाय येती! कुणीतरी भाड्याची बाई आणली असंल."

आईनं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. हे मात्र तिला ऐकवलं नाही. ती ताडकन उभी राहिली. "भाड्याची कुठली? माझी पोरगी हाय ती! ह्या पेठेत तिच्यासारखी धार काढणारी दुसरी दाखवा की!"

मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी वाजवल्या नाहीत.  बाहेर पडल्यावर त्या चहालाही थांबल्या नाहीत, थेट एसटी स्टँडकडं गेल्या. आणि आठवडा व्हायच्या आत मध्यस्थ बस्त्याचं गाठोडं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. लग्न मोडलं होतं.

घर सुतकात असल्यासारखं झालं. आई चुलीपुढून उठेना.  आबा गोठ्यातच बसून राहायचे. आक्का कुणाशी बोलत नव्हती, माझ्याशी तर नाहीच, आणि मला तिच्याकडं बघायची भीती वाटत होती. नणंदेच्या कामाचा विषय मी काढलाही नाही. काढला असता तर माझीच मला शरम वाटली असती.

संक्रांतीच्या सकाळी आक्का माझ्या पाठीमागं येऊन बसली. डोळे सुजलेले. तिनं माझी वेणी सोडली आणि तेल लावून नव्यानं घालायला घेतली. मग आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नुसत्या हातापायी माझं लगीन मोडलं. एवढ्याशासाठी मोडलं असं मी न्हाय म्हणवून घेणार. जा, तोंड दाखव आता. आणि बरं काम कर, न्हायतर मी तुला सोडायची न्हाय."

चुलीपुढून आई उठली आणि तिनं वेणीची रिबीन आणून आक्काच्या हातात दिली. मी रडायला लागले, तशी आक्कानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "रडू नगंस," ती म्हणाली. "डोळं सुजल्यावर कोण घेणार तुला?"