सासऱ्यांच्या बंदुकीतला बार

खंडेनवमीचा आदला दिवस, १९६१. यंदा सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांची ठासणीची बंदूक पूजेसाठी मी पुसत होते. मद्रासच्या खाऱ्या हवेने ती गंजली होती. नळीच्याच लांबीचा गज आत घातला, तर तो चार बोटं वर राहिला. म्हणजे आत बार होता, आणि मुलं दरवर्षी हिच्यासमोर खेळत.

“मामंजी, ही भरलेली आहे!”

“मग? रिकामी पूजायची तर लाटणंच ठेव की! माझ्या वडिलांचा बार आहे तो. तंजावरहून तसाच आणलाय.”

“घरात मुलं आहेत.”

“मी मेल्यावर काढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यादेखत नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि बंदूक पूजेला मांडली. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी गंध लावलं.