समुद्राच्या तळाचं पाणी आणि मी

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. कोराडीच्या राखेच्या तलावाचं पाणी, उमरेडकडच्या विहिरींचं पाणी. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, आणि तेव्हाही चप्पल वाहून गेली म्हणून लवकर परतलो होतो. अशा माणसाकडे एक दिवस हिंदी महासागराच्या तळातून आणलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या आल्या.

किनाऱ्यावरच्या एका संस्थेतल्या संशोधक बाईंनी त्या पाठवल्या होत्या. आमचं धातू मोजायचं यंत्र बरं चालतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हे पाणी जिथलं, तिथे समुद्राच्या तळाला भेगा असतात. त्यांतून खाली मुरलेलं पाणी तापलेल्या खडकाला भिडतं, आपल्यातलं मॅग्नेशियम तिथेच ठेवतं, लोह, तांबं, जस्त आणि गंधक घेऊन वर उसळतं. तापमान तीनशे अंशांच्या पुढे, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळत नाही. हे मी आठवडाभर वाचलं आणि मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाला ऐकवलं. लिफ्टमध्ये लोक माझ्याबरोबर चढायचे बंद झाले.

बाटल्यांतलं वरचं नितळ पाणी मी काढून घेतलं. तळाशी काळी भुकटी बसली होती. बाटल्या नीट धुतलेल्या नसणार, असं मी ठरवलं आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर बाईंना सांगितलं, "बाई, घासून ठेवा या."

यंत्राने आकडे दिले. लोह जवळजवळ नाहीच! सगळं जग म्हणतं या पाण्यात लोह भरपूर, आणि नागपुरात बसून मी ते खोटं पाडलं होतं. मी विभागात आलूबोंडे मागवले. छोटंसं भाषणही केलं. त्यात "आपण विदर्भातले लोक" हे शब्द तीनदा आले, असं नंतर कळलं.

मग संशोधक बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तळाशी बसलेलं काळं आम्लात विरघळवून मोजलंत ना?" त्यांनी विचारलं.

"काळं?"

"बाटलीत पाणी थंड झालं की लोह, तांबं, जस्त गंधकाशी जुळून खाली बसतं. वरच्या पाण्यात काय उरणार? धातू सगळे त्या साक्यातच असतात."

मी "हो, ते चालूच आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. इतकं चटकन खोटं मला एरवी सुचत नाही. धावत मोरीकडे गेलो. चार बाटल्या स्वच्छ, उपड्या वाळत होत्या.

"बाई, बाकीच्या दोन?"

"त्या खिडकीबाहेर ठेवल्या," त्या म्हणाल्या. "सडक्या अंड्याचा वास येऊन राहिला त्याले. माह्या मोरीत मी ते ओतणार नाही, आधीच सांगते."

"काहून सांगितलं नाही मले?" मी रागवायचा प्रयत्न केला.

"तुमी भाषण करून राहिले होते ना सर."

मी त्या दोन बाटल्या छातीशी धरून आत आणल्या. काळी भुकटी आम्लात विरघळवली, पुन्हा यंत्राला लावली. लोह इतकं, की आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला. पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. तांबं आणि जस्तही होतं.

दुसऱ्या दिवशी संशोधक बाईंना खरं सांगितलं. चार बाटल्या धुतल्या गेल्याचंही सांगितलं. मग त्यांनी उरलेल्या दोन बाटल्यांतलं मॅग्नेशियम विचारलं. दोन्हींत अगदी थोडं होतं.

"म्हणजे त्यांत साधं समुद्राचं पाणी फारसं मिसळलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत चांगले नमुने तेच! म्हणून तर वास जास्त. वाचवले कुणी?"

मोह झाला, नाकारत नाही. मग परिचर बाईंचं नाव सांगितलं.

संशोधक बाईंचा लेख आला तेव्हा तक्त्यात धुतलेल्या चार बाटल्यांपुढे धातूंचे रकाने कोरे होते. शेवटी आभारांत परिचर बाईंचं नाव पहिलं आणि माझं त्याखाली. मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी इंग्रजीतलं आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि स्पेलिंग चुकलंय म्हणून मला दुरुस्त करायला लावलं. ते पाठवलं होतं मीच.